पीतबिंदूची झीज कशी मोजतात?

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, जवळपास मधोमध साडेपाच मिलिमीटर व्यासाचा एक भाग असतो. त्याला पीतबिंदू किंवा मॅक्युला म्हणतात. त्याच्या मध्यभागी दीड मिलिमीटरचा एक खळगा आहे आणि सगळ्यात तीक्ष्ण नजर तिथलीच. सुईत दोरा ओवणे, सातबाऱ्यावरची अक्षरे वाचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे एवढ्याशा जागेच्या भरवशावर चालतात. पन्नाशी उलटल्यावर काही माणसांत या भागाची झीज सुरू होते. बाजूचे दिसत राहते, पण जिकडे पाहावे तिथेच डाग येतो किंवा सरळ रेघ वाकडी दिसू लागते. वयोमानाने होणाऱ्या पीतबिंदूच्या या ऱ्हासाला नेत्रतज्ज्ञ ‘एएमडी’ या आद्याक्षरांनी ओळखतात.

झीज कुठे होते हे कळल्याशिवाय ती कशी मोजतात हे कळणार नाही. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींच्या मागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकपदरी थर असतो. प्रकाशग्राही पेशी रोज आपली जुनी टोके टाकून देतात आणि ती गिळून पचवण्याचे काम हा थर करतो. त्याच्या मागे ब्रुकचे पटल आणि त्याच्याही मागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला कोरॉइड. वय वाढते तशी ही पचनाची व्यवस्था कमी पडू लागते. न पचलेली मेदद्रव्ये आणि प्रथिने रंगद्रव्य पेशींच्या खाली पिवळट ठिपक्यांच्या रूपाने साचतात. हेच ड्रुसेन. पुढे दोन वाटा फुटतात. एकीत रंगद्रव्य पेशी व त्यांच्यावरच्या प्रकाशग्राही पेशी मरत जातात आणि पडद्यावर ओसाड चकत्या पडतात. हा कोरड्या प्रकाराचा शेवटचा टप्पा. दुसरीत कोरॉइडमधून नाजूक, गळक्या नव्या रक्तवाहिन्या वर घुसतात. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपते. हा ओला प्रकार. कोरडा प्रकार वर्षांच्या हिशेबाने पुढे सरकतो, ओला काही आठवड्यांत नजर घेऊन जाऊ शकतो.

म्हणजे मोजण्याजोग्या गोष्टी एक नव्हे, चार आहेत: साचलेले ड्रुसेन, मेलेल्या पेशींचे क्षेत्र, झिरपलेले पाणी आणि नव्या रक्तवाहिन्या. या चारही गोष्टी सारख्याच चांगल्या दाखवील अशी एकही तपासणी नाही. म्हणूनच ‘सगळ्यात चांगले यंत्र कोणते’ हा प्रश्न अर्धवट ठरतो. काय मोजायचे आहे आणि कुठे, हे आधी ठरावे लागते.

‘कुठे’ हा प्रश्न नंदुरबारसारख्या जिल्ह्यात फार मोलाचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा. नंदुरबार, नवापूर, शहादा आणि तळोदा हे तालुके रस्त्याने बऱ्यापैकी जोडलेले आहेत. अक्कलकुवा आणि अक्राणीचे पाडे मात्र सातपुड्याच्या डोंगरकुशीत विखुरलेले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यांत दोन तृतीयांशांहून अधिक आदिवासी. नर्मदेच्या काठावरच्या काही गावांना आरोग्यसेवा बोटीतून, तरंगत्या दवाखान्यातून द्यावी लागते. अशा भागात म्हाताऱ्या माणसाला कमी दिसू लागले की पहिला संशय मोतीबिंदूवर जातो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. शस्त्रक्रिया होऊनही नजर सुधारली नाही, की मग ‘पडदा खराब आहे का’ हा प्रश्न निघतो. तोवर ओल्या प्रकाराच्या रुग्णाचे मोलाचे महिने निघून गेलेले असू शकतात.

पडदा पाहण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे थेट पाहणे. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगासमोर मांडला. जे दिसले ते कागदावर टिकवण्याची सोय १९२६ मध्ये झाली, जेव्हा कार्ल झाइस कंपनीने स्वीडिश नेत्रतज्ज्ञ नॉर्डेन्सन यांच्या रचनेचा फंडस कॅमेरा बाजारात आणला. आजही पडद्याचा रंगीत फोटो ही सगळ्यात स्वस्त, सोपी आणि कुठेही नेता येणारी तपासणी आहे. बंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीचा ‘फंडस ऑन फोन’ हा स्मार्टफोनवर बसवलेला कॅमेरा किंवा त्याच शहरातील फोरस हेल्थचा ‘थ्रीनेत्र’ ही भारतीय साधने मुख्यतः मधुमेहींच्या पडद्याची तपासणी करण्यासाठी वापरात आली, पण पीतबिंदूचा फोटोही त्यांवर निघतो.

रंगीत फोटोवर ड्रुसेनचे मोजमाप आकारावरून होते. ६३ मायक्रॉनपेक्षा लहान, ६३ ते १२५ मायक्रॉन आणि १२५ हून मोठे असे तीन गट. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फोटोवर पट्टी ठेवता येत नाही, म्हणून एक खूण वापरतात: डोळ्याची मुख्य नीला दृष्टिचेताबिंबाच्या (दृष्टिचेता डोळ्यातून बाहेर पडते त्या जागेच्या) कडेवरून जाते तिथे तिची रुंदी सुमारे १२५ मायक्रॉन असते. ड्रुसेन त्या नीलेहून रुंद दिसला तर तो मोठा. ही साधी खूण फार कामाची आहे, कारण उपचाराचा एक निर्णय थेट तिच्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘एरेड्स’ या मोठ्या अभ्यासाने २००१ मध्ये दाखवले, की जीवनसत्त्व क आणि ई, जस्त इत्यादींच्या ठरावीक मात्रेच्या गोळ्यांनी मध्यम अवस्थेतील रुग्णांत आजार उशिराच्या अवस्थेला, म्हणजे ओसाड चकत्या किंवा ओल्या प्रकारापर्यंत, जाण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. अगदी सुरुवातीच्या अवस्थेत त्यांचा उपयोग दिसला नाही. मध्यम अवस्था ठरते ती मुख्यतः मोठ्या ड्रुसेनवरून. म्हणजे या महागड्या गोळ्या कुणी घ्याव्यात याचे उत्तर एका चांगल्या फोटोवरून मिळू शकते, आणि फोटोच काढला नसेल तर त्या गोळ्या अंदाजाने लिहून दिल्या जातात. २००५ मध्ये याच अभ्यासातून एक सोपी गुणपद्धत निघाली. प्रत्येक डोळ्यात मोठा ड्रुसेन असेल तर एक गुण, रंगद्रव्यात बदल असेल तर एक. दोन्ही डोळ्यांचे मिळून शून्य ते चार. पाच वर्षांत उशिराची अवस्था येण्याची शक्यता शून्य गुणाला अर्धा टक्का, एकाला ३, दोनाला १२, तीनाला २५ आणि चाराला ५० टक्के. हे आकडे अमेरिकी रुग्णांवरचे आहेत, तरी कुणाला वर्षाने बोलवायचे आणि कुणाला तीन महिन्यांनी, हे ठरवायला ते पुरेसे आधार देतात.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा आजार किती आहे याचे ठोस मोजमाप झाले ते फोटोंच्याच आधारे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे योस्ट योनास यांच्या गटाने २००६ पासून ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ हा अभ्यास केला. नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या, आदिवासी वस्ती असलेल्या भागातील आठ गावे त्यासाठी निवडली होती. ३० वर्षांवरच्या ५,८८५ पात्र व्यक्तींपैकी ४,७११ जणांची तपासणी झाली, म्हणजे दर पाचांतील चार जण आले. ग्रामीण भागात घरोघरच्या लोकांना नेत्ररुग्णालयापर्यंत आणून साधलेले हे प्रमाण कौतुकास्पद आहे. पीतबिंदूच्या फोटोंचे वर्गीकरण विस्कॉन्सिन पद्धतीने, म्हणजे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीने केले गेले, त्यामुळे ते आकडे इतर देशांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. उशिराच्या अवस्थेचे रुग्ण त्यात फार थोडे निघाले. नंदुरबारमधील भिल्ल, पावरा, मावची समाजांच्या बाबतीत विचार करताना हाच अभ्यास सगळ्यात जवळचा.

फोटोच्या मर्यादा मात्र नीट ध्यानात घ्यायला हव्यात. फोटो सपाट असतो. ड्रुसेन किती रुंद आहे ते कळते, किती उंच ते कळत नाही. पिकत आलेल्या मोतीबिंदूतून काढलेला फोटो पिवळा आणि धूसर येतो, ओसाड चकतीची कड त्यात हरवते. वयस्कर माणसांच्या बाहुल्या लहान असतात, म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब न टाकता काढलेले बरेच फोटो वाया जातात. शिवाय मोजमापाचा एक खोलवरचा पेच आहे. फोटोतल्या अंतराचे मिलिमीटर करायचे तर काहीतरी आधार धरावा लागतो आणि परंपरेने तो दृष्टिचेताबिंबाचा व्यास असतो. जुन्या अभ्यासांनी हा व्यास १,५०० मायक्रॉन धरला, नंतरच्यांनी १,८०० धरला. ‘चकतीचे क्षेत्रफळ एका बिंबाएवढे’ असे अहवालात लिहिले असेल तर पहिल्या हिशेबाने ते १.७७ चौरस मिलिमीटर होते आणि दुसऱ्या हिशेबाने २.५४. चकती तीच, डोळा तोच, आणि आकड्यात सुमारे ४४ टक्क्यांचा फरक. दोन काळातील दोन अभ्यासांची तुलना करताना हे विसरले, तर आजार वाढला असा खोटाच निष्कर्ष निघू शकतो.

रक्तवाहिन्या पाहण्यासाठी रंजक द्रव्याची मदत घेतात. १९६१ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात हॅरल्ड नोव्हॉटनी आणि डेव्हिड अॅल्व्हिस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी फ्लुरेसिन अँजिओग्राफी सिद्ध केली. हाताच्या शिरेत फ्लुरेसिन टोचतात. दहा-पंधरा सेकंदांत ते डोळ्यात पोहोचते आणि निळ्या प्रकाशात हिरवट-पिवळे चमकते. गळकी वाहिनी असेल तिथे चमक मिनिटागणिक पसरत जाते. गळती प्रत्यक्ष घडताना दाखवणारी ही तपासणी अनेक दशके ओल्या प्रकाराच्या निदानाची कसोटी मानली गेली. पण गळती ‘किती’ हे ती आकड्यात सांगू शकत नाही. पसरलेल्या चमकेची कड कुठे धरायची यावर दोन तज्ज्ञांत मतभेद होतात. काहींना मळमळते, लघवी दिवसभर पिवळी होते आणि क्वचित जीवघेणी अॅलर्जी येते. म्हणून ती करताना आणीबाणीची औषधे हाताशी लागतात आणि दर महिन्याला ती करणे रुग्णावर लादता येत नाही.

याच जातीची दुसरी तपासणी इंडोसायनिन ग्रीनची. हे द्रव्य रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहते, त्यामुळे कोरॉइडच्या सूक्ष्म वाहिन्यांतून सहसा बाहेर पडत नाही; आणि ते अवरक्त प्रकाशात चमकते, जो रंगद्रव्य आणि रक्ताचा पातळ थर यांच्यातून पार होतो. फ्लुरेसिनला न दिसणारा कोरॉइड त्यामुळे उघडा पडतो. आशियाई लोकांत ओल्या प्रकारासारख्या दिसणाऱ्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना प्रत्यक्षात ‘पॉलिपॉइडल’ विकार असतो. त्यात कोरॉइडच्या वाहिन्यांना फुग्यांसारखे उभार येतात, ते फुटून मोठा रक्तस्राव होतो आणि उपचाराची आखणीही थोडी वेगळी लागते. हे उभार खात्रीने दाखवणारी तपासणी इंडोसायनिन ग्रीनचीच. पाश्चात्य पाठ्यपुस्तकांत तिला जेवढी जागा मिळते त्याहून भारतात तिचे महत्त्व जास्त आहे.

ओसाड चकत्यांचे क्षेत्रफळ मोजायला मात्र वेगळी युक्ती लागते, आणि ती रंजक द्रव्याशिवाय साधते. रंगद्रव्य पेशींत वयोमानाने लिपोफ्युसिन नावाचे द्रव्य साचते आणि निळ्या प्रकाशात ते स्वतःच मंद चमकते. पेशी मेली की चमक विझते. ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेसरने पडदा उजळून ही चमक टिपली, की जिवंत भाग करडा आणि ओसाड चकती कोळशासारखी काळी दिसते. कड इतकी स्पष्ट असते की संगणक ती आखू शकतो. १९९५ च्या सुमारास रुळलेली ही स्वयंप्रकाश तपासणी आज कोरड्या प्रकाराच्या औषधचाचण्यांची मुख्य मोजपट्टी आहे.

या मोजपट्टीतही एक मेख आहे. मोठी चकती लहान चकतीपेक्षा वेगाने वाढताना दिसते, कारण तिची कडच लांब असते. ४ चौरस मिलिमीटरची चकती वर्षात ६.२५ झाली आणि ९ ची १२.२५ झाली, तर वाढ अनुक्रमे २.२५ आणि ३.२५ दिसते आणि दुसरा रुग्ण अधिक गंभीर वाटतो. वर्गमूळ काढले तर पहिली २ वरून २.५ झाली आणि दुसरी ३ वरून ३.५. दोन्हींच्या वर्गमुळाची वाढ सारखीच, अर्धा मिलिमीटर, आहे; म्हणजे दोघांची कड सारख्याच गतीने सरकली आहे. म्हणून हल्ली क्षेत्रफळाच्या वर्गमुळाची वाढ सांगतात.

दुसरी अडचण थेट केंद्रात आहे. पीतबिंदूचा पिवळेपणा ल्यूटिन आणि झियाझँथिन या दोन द्रव्यांमुळे येतो. सातपुड्यात पिकणाऱ्या पिवळ्या मक्याचा रंगही प्रामुख्याने याच दोघांचा. ही द्रव्ये निळा प्रकाश शोषून पडद्याचे रक्षण करतात, पण त्यामुळेच निरोगी माणसाच्या निळ्या चित्रातही केंद्र काळसर दिसते. चकती केंद्रापर्यंत पोहोचली की थोडी अलीकडे थांबली, हे नजरेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे, आणि नेमके तेच निळ्या चित्रात कळत नाही. मोतीबिंदू पिवळा असेल तर निळा प्रकाश आत पोहोचतच नाही. हिरव्या किंवा अवरक्त प्रकाशातील चित्र सोबत काढले तर हा घोळ बराच मिटतो.

ज्या तपासणीने या आजाराचे व्यवहारच बदलून टाकले ती म्हणजे ओसीटी, अर्थात ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती प्रथम मांडली. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी मोजतात, इथे अवरक्त प्रकाशाचा. प्रकाश पडद्याच्या कोणत्या थरावरून किती वेळाने परतला याचा हिशेब करून पडद्याचा उभा छेद संगणकावर उमटतो. रुग्ण हनुवटी टेकवून एका बिंदूकडे पाहत राहतो, काही सेकंदांत काम होते. सुई नाही, औषध नाही. अनेकदा बाहुली मोठी करण्याचीही गरज पडत नाही. २००२ च्या स्ट्रॅटस यंत्रात सेकंदाला ४०० रेषा टिपल्या जात आणि सुमारे १० मायक्रॉनपर्यंतचा तपशील कळे. २००६ पासून आलेल्या स्पेक्ट्रल यंत्रांनी सेकंदाला हजारो रेषा आणि ५ ते ७ मायक्रॉनचा तपशील दिला.

छेदात ड्रुसेन टेकाडासारखा उठून दिसतो, त्यामुळे त्याचे घनफळ काढता येते. मधल्या ३ मिलिमीटरच्या वर्तुळात ते ०.०३ घन मिलिमीटरहून अधिक असेल तर डोळा जास्त धोक्यात आहे, असे आता मानतात. रंगीत फोटोत निसटणारे, रंगद्रव्य पेशींच्या वरच्या बाजूला साचणारे जाळीदार साठे ओसीटीत ओळखू येतात. धोका वाढवणारी ती एक महत्त्वाची खूण आहे. ओसाड चकतीची व्याख्याही आता छेदावरूनच होते. २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवले, की रंगद्रव्य पेशींचा थर किमान २५० मायक्रॉन लांबीत तुटलेला हवा, त्यातून तेवढ्याच रुंदीत प्रकाश खाली कोरॉइडमध्ये झिरपलेला दिसायला हवा आणि वरच्या प्रकाशग्राही पेशीही गेलेल्या हव्यात, तर ती पूर्ण झीज. फोटोवर चकती दिसू लागण्याच्या आधीच छेद ती दाखवतो.

ओल्या प्रकारात तर ओसीटीला तोड नाही. पाणी पडद्याच्या आत आहे, पडद्याखाली आहे की रंगद्रव्य पेशींच्याही खाली आहे, हे छेदात एका नजरेत कळते. आतले पाणी नजरेला अधिक घातक, पडद्याखालचे थोडे पाणी काही प्रमाणात चालण्यासारखे. नव्या वाहिन्यांना आवर घालणारे, डोळ्यात टोचायचे इंजेक्शन आता द्यायचे की दोन आठवडे थांबायचे हे त्यावरून ठरते. भारतात या इंजेक्शनांचा खर्च हाच मोठा अडथळा होता. बेव्हासिझुमॅब या स्वस्त औषधाचा वापर आणि २०१५ पासून मिळू लागलेले अहमदाबादच्या इंटास कंपनीचे रॅनिबिझुमॅबचे भारतीय जैवसमरूप यांमुळे तो थोडा हलका झाला. पण इंजेक्शन पुन्हा कधी लागणार हे सांगणारे यंत्र जवळ नसेल, तर स्वस्त औषधाचाही निम्मा उपयोग वाया जातो.

ओसीटीच्या अहवालावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा म्हणजे केंद्रातील १ मिलिमीटर वर्तुळाची सरासरी जाडी. रुग्ण तोच लक्षात ठेवतात, कधी कधी डॉक्टरही. आणि नेमका तोच आकडा सर्वांत जास्त फसवतो. दृष्टिपटलाची वरची कड सगळी यंत्रे सारखीच धरतात, खालची कड मात्र प्रत्येक यंत्र वेगळ्या थरावर धरते. जुने स्ट्रॅटस ती प्रकाशग्राही पेशींच्या आतल्या-बाहेरच्या भागांच्या सीमेवर धरी, सिरस यंत्र रंगद्रव्य पेशींच्या थरावर धरते आणि स्पेक्ट्रॅलिस ब्रुकच्या पटलावर. त्यामुळे एकाच निरोगी डोळ्याची जाडी स्ट्रॅटसवर २१० मायक्रॉनच्या आसपास आली तर स्पेक्ट्रॅलिसवर ती २७० ते २८० भरते. नंदुरबारच्या रुग्णाची एक तपासणी धुळ्याला आणि पुढची सुरतेला वेगळ्या बनावटीच्या यंत्रावर झाली, तर पडद्यात काहीही बदल नसताना अहवालांतला फरक सूज वाढल्यासारखा किंवा उतरल्यासारखा दिसू शकतो. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गावर वसलेल्या या जिल्ह्यात असे दोन्ही दिशांना जाणे काही दुर्मीळ नाही.

एकाच यंत्रावरही जाडी हे या आजाराचे चांगले माप नाही. मधुमेहातील सुजेसाठी ते ठीक, कारण तिथे पाणी वाढले की जाडी वाढते. इथे झीज पडद्याला पातळ करते आणि पाणी त्याला फुगवते. दोन्ही एकाच डोळ्यात चालू असतील तर सरासरी अगदी ‘नॉर्मल’ येऊ शकते, आणि आजार मात्र दोन्ही बाजूंनी पुढे जात असतो. शिवाय रक्त आणि वण असलेल्या डोळ्यात थराची रेघ आखताना संगणक चुकतो. म्हणून छेदाची चित्रे एकेक करून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यावर निर्णय घेणे धोक्याचे.

२०१४ नंतर ओसीटी अँजिओग्राफी वापरात आली. एकाच जागेचे छेद लागोपाठ घेतले तर स्थिर ऊतक सारखे दिसते आणि वाहत्या रक्ताची जागा बदलते. त्या बदलावरून रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार होतो. द्रव्य टोचावे लागत नाही. अजून गळू न लागलेल्या नव्या वाहिन्याही ती दाखवते, जे फ्लुरेसिनने अवघड होते. मात्र गळती तिला दिसत नाही, आणि अगदी संथ वाहणारे रक्त तिच्या हातून सुटते. व्यवहारातली मोठी अडचण वेगळीच आहे. चित्र निघेपर्यंत नजर काही सेकंद एका बिंदूवर स्थिर ठेवावी लागते आणि ज्यांचा पीतबिंदू खराब आहे त्यांना तो बिंदूच दिसत नाही. ज्या डोळ्याला ही तपासणी सर्वांत जास्त हवी, त्याच डोळ्याचे चित्र हलते.

चित्रावरचे माप आणि रुग्णाची नजर नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, हे मान्य करायलाच हवे. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध नियामकाने ओसाड चकत्यांसाठी पेग्सेटाकोप्लॅन हे पहिले औषध मंजूर केले, ते चकतीची वाढ मंदावते या स्वयंप्रकाश चित्रांच्या मापावर. २०२४ मध्ये युरोपच्या नियामकाने तेच औषध नाकारले, कारण रुग्णांच्या नजरेत आणि दैनंदिन कामांत त्याचा फायदा दिसला नव्हता. दोघांसमोर चाचण्या त्याच होत्या. माप कशाचे घ्यावे हा प्रश्न किती गंभीर आहे ते यातून कळते. म्हणून चित्रांच्या जोडीला वाचनाचा वेग, मंद प्रकाशातील नजर आणि पडद्याच्या एकेका बिंदूची संवेदनशीलता मोजणारी मायक्रोपेरिमेट्री यांचे महत्त्व वाढत आहे.

नंदुरबारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे सिकलसेल. जिल्ह्यातील आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या काही रुग्णांत ब्रुकच्या पटलाला तडे जातात आणि दृष्टिचेताबिंबापासून निघालेल्या तांबूस-तपकिरी, वेड्यावाकड्या रेषा पडद्यावर दिसतात. त्या तड्यांतूनही गळक्या वाहिन्या वर येऊ शकतात आणि छेदात चित्र ओल्या एएमडीसारखेच दिसते. पीतबिंदूचा नेहमीचा ओसीटी नकाशा मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटरपर्यंतच जातो. दृष्टिचेताबिंबाची कड त्यापलीकडे राहते. म्हणजे ज्या रेषांवरून खरे कारण ओळखायचे त्या चौकटीबाहेर राहू शकतात, पण साध्या रंगीत फोटोत सहज सापडतात. सिकलसेलमध्ये पीतबिंदूचा कानाकडचा भाग सूक्ष्म वाहिन्या बुजल्याने पातळही होतो, तो वयाची झीज समजला जाण्याची शक्यता आहे. त्यामुळे या जिल्ह्यात, विशेषतः रुग्ण पन्नाशीच्या आतला असेल तर, ओसीटीसोबत रंगीत फोटो आणि सिकलसेलची रक्ततपासणी हवीच.

या सगळ्याचा विचार केला तर डोंगरी जिल्ह्यासाठी क्रम बऱ्यापैकी स्पष्ट होतो. डोंगराळ तालुक्यांतील धडगाव, मोलगीसारख्या ठिकाणी नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याच्या हाती वाहून नेता येणारा कॅमेरा हवा आणि बाहुली मोठी करणारे थेंब हवेत. मोतीबिंदूच्या शिबिरातच शस्त्रक्रियेनंतर पडद्याचा फोटो निघाला, तर वेगळी फेरी पडणार नाही. संशयित रुग्णांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक चांगले ओसीटी यंत्र हवे. २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून असे केंद्र उभे राहण्याला जागा आहे. रंजक द्रव्याच्या तपासण्या आणि अँजिओग्राफी निदान अडल्यावर मोठ्या शहरात करता येतात. स्वयंप्रकाश चित्रणाची गरज इथे सर्वांत शेवटी येते, कारण ज्या उपचारासाठी ते माप लागते तो उपचारच इथल्या रुग्णाच्या आवाक्यात नाही.

रुग्णाच्या घरच्यांनी करण्याच्या गोष्टी दोन-तीनच आहेत. विडी-तंबाखू सोडवावी, या आजारात माणसाच्या हातात असलेला सर्वांत मोठा धोका धूम्रपानाचा आहे. एक डोळा झाकून आखीव वहीच्या रेघा किंवा दाराची चौकट अधूनमधून पाहायला सांगावी आणि रेघ अचानक वाकडी दिसली तर पुढच्या शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. आणि प्रत्येक तपासणीला जाताना आधीच्या ओसीटीचा कागद सोबत न्यावा, त्यावर यंत्राचे नाव छापलेले आहे ना हे पाहून. शक्य असेल तर पुढची तपासणीही त्याच यंत्रावर करून घ्यावी.